चार मीटरच्या आतली हायब्रिड कुठे आहे? मोटार कंपन्यांना कोल्हापुरातून खुले पत्र

कोल्हापूर, नोव्हेंबर २०२५

प्रति,
भारतात मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांत कोणती गाडी काढायची, ती कशी दिसायची आणि कितीला विकायची हे ठरवणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

यंदा घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, मोटारींवरचा जीएसटी बदलला. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, आणि या सवलतीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली हायब्रिडही बसते. त्याहून मोठ्या गाडीला, मग ती हायब्रिड का असेना, ४० टक्के. म्हणजे लहान हायब्रिड आणि मोठी हायब्रिड यांच्या करात आता बावीस टक्क्यांचं अंतर पडलं. हायब्रिड स्वस्त का होत नाही, असं विचारलं की इतकी वर्षं तुम्ही दिल्लीकडे बोट दाखवत होता. लहान गाडीपुरतं तरी ते बोट आता खाली घ्यायला हरकत नाही.

तरीही दसऱ्याला कोल्हापुरातल्या शोरूमसमोर झेंडूचे हार घालून उभ्या असलेल्या गाड्यांत चार मीटरच्या आतली, मोटरवर खरोखर चालणारी हायब्रिड एकही नव्हती. मी विचारलं, तर विक्रेत्या मुलाने नम्रपणे सांगितलं, "मॅडम, हायब्रिड पाहिजे तर एसयूव्ही बघा. लहान गाडीवाल्याला हायब्रिड नको असते." त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे शिकवलं तेच तो बोलला. हे पत्र त्याला शिकवणाऱ्यांना आहे.

मी शिवाजी पेठेत राहते. उद्यमनगरात आमचं लहानसं मशीनशॉप आहे. लेथवर घरचे असतात. हिशेब, बँक आणि तयार माल पोचवणं माझ्याकडे. पेठेतून उद्यमनगर, तिथून शिरोली, कधी गोकुळ शिरगाव, कधी कागल. रविवारी गारगोटीकडचं गाव. बरोबर गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. आत्ताची पेट्रोल हॅचबॅक थकली आहे, आणि येत्या गुढीपाडव्याला नवी गाडी घ्यायचं घरात ठरलंय. तेव्हा मी नुसती मतं मांडत नाही, पैसे घेऊन उभी आहे.

आमच्या गावातलं गाडी चालवणं कसं असतं ते आधी ऐका. पापाच्या तिकटीपासून महाद्वार रोडपर्यंत सुट्टीच्या दिवशी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. बिंदू चौक, गंगावेश, भाऊसिंगजी रोड, सगळीकडे हाफ क्लच. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या बस, रिक्षा, मध्येच थांबून रस्ता विचारणारे पाहुणे, आणि ऊसाचा सीझन लागला की शहराच्या तोंडावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. गाडी सुटते, थांबते, परत सुटते.

हायब्रिडचं सगळं शहाणपण या थांबण्या-सुटण्यातच आहे. ब्रेक दाबला की जी ताकद एरवी पॅड तापवून वाया जाते ती मोटर जनरेटर होऊन बॅटरीत भरते, आणि गाडी पुन्हा सुटताना तीच खर्च करते. इंजिन अ‍ॅटकिन्सन पद्धतीने चालतं, म्हणजे पेट्रोल कमी पितं पण खालच्या वेगात त्याला दम कमी असतो. ती उणीव मोटर भरून काढते. गर्दीत इंजिन बंद राहूनही एसी चालतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर विजेवर असतो. उलट हायवेवर एकसारख्या शंभरच्या वेगाने धावणाऱ्या गाडीला यातला बराचसा फायदा मिळत नाही. मग ज्या यंत्राची जागा पेठेच्या बोळात आहे ते तुम्ही पावणेदोन मीटरहून रुंद आणि सव्वाचार मीटरहून लांब एसयूव्हीत का घालून ठेवलंय? ती गाडी आमच्या बोळात वळत नाही. वळलीच तर समोरच्याच्या पायरीला घासते.

लहान हायब्रिड होऊ शकत नाही असं तर अजिबात नाही. टोयोटाची प्रियस जपानमध्ये १९९७ साली विकायला आली. त्याच कंपनीची अ‍ॅक्वा २०११ च्या डिसेंबरात आली, ३९९५ मिलिमीटर लांबीची. आपल्या चार मीटरच्या नियमात पाच मिलिमीटर राखून बसणारी. युरोपातली आजची यारिस हायब्रिड ३९४० मिलिमीटर आहे. तुम्ही म्हणाल, या गाड्यांचं इंजिन दीड लिटरचं, ते १८ टक्क्यांत बसणार नाही. बरोबर. पण निसानने २०१६ साली जपानमध्ये नोट ई-पॉवर काढली, तिचं इंजिन तीन सिलिंडरचं, ११९८ सीसीचं. ते फक्त वीज तयार करतं, चाकं मोटर फिरवते. ती गाडी चार मीटरपेक्षा जराशी लांब आहे, पण इंजिनाचा प्रश्न तिथे सुटलेला आहे. आणि १२०० सीसीच्या आतली चांगली इंजिनं तर तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या कारखान्यात रोज जुळवली जातात. ज्या गावात इंजिनाचे ब्लॉक आणि हेड ओतणाऱ्या फाउंड्र्या आहेत त्या गावाला "इंजिन नाही" असं सांगू नका.

आता दिसण्याबद्दल. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण या विषयात बाईमाणसाचं मत रंगापलीकडे विचारलं जात नाही.

पहिल्या हायब्रिड गाड्या विचित्र दिसायच्या. होंडाची १९९९ ची इनसाइट दोन माणसांची होती आणि तिची मागची चाकं अर्धी झाकलेली होती. २००३ च्या प्रियसची मागची बाजू लांब उतरून एकदम कापल्यासारखी होती. लोक हसले. पण त्या आकाराला कारण होतं: हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि तो कमी करायचा तर गाडी अशीच निमुळती करावी लागते. रूप आवडो न आवडो, ते प्रामाणिक होतं. आजच्या तुमच्या गाड्यांत ते कारण गेलं आणि नुसता आव उरला. उंच सपाट बॉनेट, ज्याच्यापुढे उभं राहिलेलं शाळकरी पोर दिसत नाही. हवा आत न जाणारी खोटी जाळी. बंपरला खोटे सायलेन्सर. दिव्यांचे दोन तुकडे, त्यातला मुख्य दिवा बंपरात, बरोबर दुचाकीच्या हँडलच्या उंचीला, म्हणजे महाद्वार रोडवर पहिली ठोकर त्यालाच. मागची काच इतकी बारीक की रिव्हर्स घेताना कॅमेऱ्याशिवाय गत्यंतर नाही, आणि पावसाळ्यात कॅमेऱ्यावर चिखल.

काचांची खालची कडही वर वर चालली आहे. सासूबाई मागे बसल्या की त्यांना दाराचं प्लास्टिक दिसतं आणि वर आभाळ. करूळचा घाट उतरताना त्यांना गाडी लागते. बाहेर दिसलं असतं तर इतकी लागली नसती. छप्पर मागे उतरतं केलं की गाडी फोटोत धावल्यासारखी दिसते खरी, पण लग्नाला निघालेल्या माणसाचा फेटा त्याला टेकतो. आणि आत सगळीकडे तो काळा चकचकीत प्लास्टिकचा पत्रा, ज्यावर आठवड्यात चरे आणि कायम बोटांचे ठसे. एसीची बटणं स्क्रीनमध्ये घातली आहेत. खड्डे चुकवत जाताना बोट कुठे पडतं ते तुमच्या डिझायनरने एकदा फुलेवाडीच्या रस्त्यावर येऊन बघावं.

माझं म्हणणं साधं आहे. शहरात तीसच्या वेगाने फिरणाऱ्या गाडीला थेंबासारख्या निमुळत्या आकाराचा फायदा जवळजवळ नाही. मग लहान हायब्रिड बिनधास्त चौकोनी करा. सरळ उभी मागची बाजू, मोठ्या काचा, रुंद उघडणारी दारं, खुर्चीच्या उंचीची बैठक, जेणेकरून गुडघे दुखणाऱ्याला गाडीत ना उतरावं लागेल ना चढावं लागेल. वॅगनआरला लोक डबा म्हणतात आणि वर्षानुवर्षं घेतात. तुमचे डिझायनर त्या डब्याला लाजतात, घेणारे लाजत नाहीत.

डबा म्हटलं म्हणून डिकीचं बोलते, कारण माझी सगळ्यात मोठी तक्रार तिथे आहे. वॅगनआर साडेतीन मीटरच्या थोडी पुढे आणि डिकी ३४१ लिटरची. ग्रँड व्हिटारा ही एसयूव्ही ४३४५ मिलिमीटर लांब. साध्या पेट्रोलला डिकी ३७३ लिटर, स्ट्राँग म्हणजे नुसत्या मोटरवरही चालणाऱ्या हायब्रिडला २६५. होंडा सिटीची साधी गाडी ५०६ लिटर, हायब्रिड ३०६. हे तुमच्याच माहितीपत्रकातले आकडे. जास्त पैसे मोजणाऱ्याला डिकी कमी, हा कुठला व्यवहार? आमच्या घरी डिकीत सुटकेस क्वचित असते. गावाकडून येताना तांदळाचं पोतं, गुळाच्या ढेपा, शेंगतेलाचा डबा, नारळ. आठवड्याच्या मधल्या दिवशी टर्न केलेल्या पार्टची खोकी, जी आकाराने लहान आणि वजनाने भारी. डिकीचा तळ बॅटरीसाठी उचलला की खोकं आधी कमरेवर घ्यायचं, मग कडेवरून आत ढकलायचं. हे काम माझं असतं, म्हणून मला माहीत.

यावर उपाय नाही असं म्हणू नका. सीएनजीच्या गाड्यांतही सिलिंडर डिकी खात होता. टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर तळाशी आडवे बसवले आणि वरची जागा मोकळी केली. मग दुसऱ्यांनाही सुचलं. यारिसमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली आहे. स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी असते केवढी? वर सांगितलेल्या ग्रँड व्हिटारात ती ०.७६ किलोवॅट-तासाची आहे, विजेच्या बिलाच्या भाषेत पाऊण युनिट. पाऊण युनिटासाठी शंभर लिटर डिकी घेणं हा आळस आहे. तुम्ही मोठी गाडी आधी पेट्रोलसाठी काढलीत आणि हायब्रिडचं सामान नंतर जिथे जागा सापडली तिथे कोंबलंत, असंच वाटतं.

याच पाऊण युनिटावरून घाटाचं एक सांगते. जाहिरातीत उतारावर बॅटरी भरताना दाखवता. हिशेब करा: माणसांसकट दीड टनाची गाडी चारशे मीटर खाली उतरली तर दीड युनिटाहून जास्त ऊर्जा सुटते. निम्मी हवेत आणि घर्षणात गेली तरी बॅटरी घाट संपण्याआधीच भरते. त्यानंतर गाडी इंजिन फिरवून वेग धरते. पाय पेडलवरून काढलेला असतानाही इंजिन मोठ्याने ओरडतं, आणि नवखा माणूस घाबरून बाजूला थांबतो. यात दोष काही नाही, यंत्राचा स्वभाव आहे. चढावर उलट: पन्हाळ्याच्या वळणावर पाय दाबला की आवाज आधी वाढतो आणि गाडी मागून येते. हे चाव्या देताना सांगायला काय हरकत आहे? चाचणीची फेरी तुम्ही नेहमी सपाट रस्त्यावर देता. इथे ज्योतिबाचा डोंगर अर्ध्या तासावर आहे.

पुराचा प्रश्न मात्र स्वभावावर सोडता येणार नाही. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे बंद पडला, आणि शेकडो गाड्या जागच्या जागी बुडाल्या. पेट्रोल गाडीचं काय करायचं ते आमच्या मेस्त्रींना ठाऊक आहे: बॅटरीची वायर काढा, सेल्फ मारू नका, ऑइल बदला, गालिचे उन्हात टाका. हायब्रिडमध्ये सीटखाली किंवा डिकीत उच्च व्होल्टेजची बॅटरी, तिला थंड ठेवणारी हवेची वाट बऱ्याचदा मागच्या सीटजवळ, आणि तिच्या नारिंगी केबलला हात लावायला मेस्त्री तयार नाहीत. शहाणेच आहेत ते. पण मग पाणी ओसरल्यावर कोण येणार? पाणी कितीपर्यंत चालतं? विमा ही बॅटरी धरतो का? ही तीन उत्तरं मी तीन ठिकाणी विचारली आणि तिन्ही ठिकाणी "कंपनीला विचारून सांगतो" असं ऐकलं. आता कंपनीलाच विचारते आहे.

मेस्त्रींचा विषय निघालाच आहे तर एवढंच: कळंबा रोडच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या पोरांना एक कापलेली हायब्रिड गाडी आणि सुरक्षिततेचं प्रशिक्षण देणं तुम्हाला जड नाही. फक्त तुमच्याच वर्कशॉपला हात लावता येईल अशी गाडी उद्यमनगरच्या माणसाला पटणार नाही.

नावाचा घोळही मिटवा. बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरच्या जागी जरा मोठी मोटर असलेली गाडी, म्हणजे माइल्ड हायब्रिड, तुम्ही २०१५ पासून हायब्रिड म्हणून विकलीत. सरकारने तिला अनुदानही दिलं आणि एप्रिल २०१७ पासून काढून घेतलं. ती गाडी केवळ मोटरवर एक फूटही जात नाही. माइल्ड आणि स्ट्राँग दोघींना हायब्रिडच म्हटल्यामुळे आमच्या गल्लीत अर्ध्या लोकांचं मत झालंय की हायब्रिड म्हणजे काही विशेष नसतं. त्यांनी खोटी पाहून खरीवर शिक्का मारला, आणि तो शिक्का तुम्ही बनवून दिलात.

शेवटी पैशाचं, कारण आमच्याकडे गाडीभोवती जमलेल्या माणसाचा पहिला प्रश्न "अ‍ॅव्हरेज किती?" हाच असतो. ग्रँड व्हिटाराच्या माइल्डचा मॅन्युअल गिअरमधला जाहीर आकडा २१.११, स्ट्राँगचा २७.९७. हजार किलोमीटरला फरक पडतो साधारण साडेअकरा लिटरचा. पेट्रोल शंभरीच्या पुढे. म्हणजे हजार किलोमीटरला बाराशे रुपये वाचले. किमतीत दोन लाखांचा फरक धरला तर ते वसूल व्हायला गाडी दीड लाख किलोमीटरच्या पुढे चालवावी लागते. आणि हायब्रिड बॅटरीची वॉरंटी असते आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर. म्हणजे पैसे जेमतेम वसूल होतात तिथेच वॉरंटी हात सोडते. लहान गाडीत कर १८ टक्के, मोटर लहान, बॅटरी लहान. हा फरक लाखाच्या आत आला तर हिशेब पार बदलतो. "लहान गाडीवाल्याला परवडणार नाही" हे तुम्ही आमच्या वतीने ठरवू नका. किंमत सांगा, परवडतं का ते आम्ही बघतो.

तर मागण्या अशा:

चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची, मोटरवर स्वतंत्र चालू शकणारी पेट्रोल हायब्रिड काढणार की नाही, आणि काढणार असाल तर कधी, हे जाहीर सांगा. "अभ्यास चालू आहे" हे उत्तर धरलं जाणार नाही.

तिची डिकी त्याच गाडीच्या पेट्रोल प्रकाराइतकीच ठेवा, तळ सपाट ठेवा, आणि स्टेपनी काढून पंक्चरची बाटली देऊ नका. करूळ घाटात टायरची कड फाटली तर बाटलीने काही होत नाही.

एसी, आवाज आणि धोक्याचे दिवे यांना हाताला लागणारी बटणं द्या. टायर जाड कडेचे द्या. सतरा इंची चाकं आमच्या खड्ड्यांना नकोत. मोटरवर हळू चालताना पादचाऱ्याला ऐकू येईल असा आवाज द्या, कारण महाद्वार रोडवर माणसं मागे न बघता चालतात.

माइल्डला हायब्रिडचा बिल्ला लावणं बंद करा.

वॉरंटीनंतर बॅटरीची आजची बदली किंमत माहितीपत्रकात छापा. पाण्याची मर्यादा आणि पूर आल्यावर काय करायचं, काय करायचं नाही, ते मराठीत, गाडीच्या कप्प्यात मावेल अशा एका कागदावर द्या.

आणि चाचणीची फेरी ज्योतिबाच्या डोंगरावर द्या, चार माणसं आणि भरलेली डिकी घेऊन. माणसं आणि गूळ मी आणते.

पाडव्यापर्यंत यातलं काहीच समोर आलं नाही तर मी साधी पेट्रोल गाडीच घेईन आणि पुढची दहा वर्षं तुमच्या हायब्रिडची गिऱ्हाईक नसेन. आमच्या बोळात याच विचारात असलेली आणखी घरं आहेत. त्यांनी आपापल्या तक्रारी या पत्राखाली जोडाव्यात, अशी त्यांनाही विनंती करते.

आपली,
शिवाजी पेठेतील एक गिऱ्हाईक